ग्लॅम मेटलचा आवाज गंभीर झाला तो केव्हा, आणि तो ऐकायचा कुठे?

सूरप्रश्न : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

या महिन्याच्या टपालात पाश्चात्त्य रॉक संगीताविषयीची चार पत्रे आली. चारही पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे असल्यामुळे इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. ज्यांचा या संगीताशी परिचय नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. १९८०च्या दशकात अमेरिकेत, मुख्यतः लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरील क्लबांतून, फुगवलेल्या केसांचे, रंगवलेल्या डोळ्यांचे आणि चकचकीत कपड्यांचे अनेक बँड पुढे आले. त्यांची गाणी जोरकस इलेक्ट्रिक गिटारवर उभी असत, पण ध्रुवपद पहिल्याच ऐकण्यात ओठांवर बसेल इतके सोपे असे, आणि विषय बहुधा प्रेम, मौज आणि रात्रीची भटकंती हेच असत. या प्रकाराला ग्लॅम मेटल म्हणतात. एमटीव्ही वाहिनीने तो घराघरांत नेला. दशक संपता संपता यातल्याच काही बँडनी आपला आवाज जड, कोरडा आणि गंभीर करत नेला. प्रश्न त्या वळणाबद्दलचे आहेत.

प्रश्न : माझे काका सांगतात की ‘स्किड रो’ या बँडचे पहिले दोन अल्बम लागोपाठ ऐकले तर ते दोन वेगळ्या बँडचे वाटतात. माझ्या मित्रांचे म्हणणे असे की ‘निर्वाणा’ हा साध्या वेशातला, उदास आवाजाचा बँड आला, ग्लॅम मेटल एका रात्रीत संपले आणि टिकून राहण्यासाठी या सगळ्यांनी घाईघाईने आवाज बदलला. यात खरे काय?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तुमच्या मित्रांचे म्हणणे काही बँडच्या बाबतीत खरे आहे, पण स्किड रोला ते लागू होत नाही, आणि हे ठरवायला तारखांखेरीज दुसरे काही लागत नाही. स्किड रोचा दुसरा अल्बम ‘स्लेव्ह टू द ग्राइंड’ ११ जून १९९१ रोजी प्रसिद्ध झाला. निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ त्याच वर्षी २४ सप्टेंबरला आला आणि अमेरिकेतील अल्बमविक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचायला त्याला जानेवारी १९९२ उजाडला. गाणी लिहिणे, ती बसवणे, ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग यांना लागणारा काळ जमेस धरला तर स्किड रोचा निर्णय त्याच्याही पुष्कळ आधीचा ठरतो. जे वादळ अजून उठलेच नव्हते, त्याच्या भीतीने कोणी छप्पर शाकारले असे म्हणता येणार नाही.

बँड न्यू जर्सी राज्यातला, टॉम्स रिव्हर या गावचा. १९८६ मध्ये बास वाजवणारा रेचल बोलन आणि गिटारवादक डेव्ह ‘स्नेक’ सेबो यांनी तो उभा केला. सेबो हा प्रसिद्ध रॉकगायक जॉन बॉन जोवीचा लहानपणापासूनचा मित्र, त्यामुळे मोठ्या मंचाची वाट त्यांना लवकर सापडली. गायक सेबॅस्टियन बाख नंतर आला. त्याचा आवाज तार सप्तकात चढताना कुठेही बारीक होत नसे, आणि त्याचे देखणे रूप एमटीव्हीला हवे होते तसेच होते. जानेवारी १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या अल्बमच्या अमेरिकेत ५० लाखांहून अधिक प्रती गेल्या. ‘एटीन अँड लाइफ’ हे गाणे तिथल्या गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत आणि ‘आय रिमेंबर यू’ सहाव्यापर्यंत गेले. एवढे यश पदरी पडल्यावर दुसऱ्या अल्बममध्येही तेच करावे, हा व्यवहाराचा सल्ला कोणीही दिला असता.

त्यांनी तसे केले नाही. मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा हा, की दोन्ही अल्बमचा निर्माता एकच आहे : मायकेल वॅगनर. गाणी लिहिणारेही मुख्यतः तेच दोघे, बोलन आणि सेबो. वादक तेच पाच. बाहेरून नवा निर्माता आणून त्याने नवा साज चढवला, असे इथे घडलेले नाही. वॅगनर हा जर्मन ध्वनितंत्रज्ञ. डॉकेनसारख्या झगमगीत बँडबरोबर त्याने काम केले होते आणि जड संगीताच्या मेटॅलिका या बँडच्या १९८६ मधील ‘मास्टर ऑफ पपेट्स’चे मिक्सिंगही त्याच्याच हातचे. दोन्ही भाषा त्याला येत होत्या. त्यातली कोणती बोलायची हे या वेळी बँडने ठरवले.

दोन अल्बम दोन वेगळ्या बँडचे वाटतात, या तुमच्या काकांच्या मताशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. ‘एटीन अँड लाइफ’ पुन्हा ऐकावे. अठरा वर्षांच्या एका मुलाच्या हातून गोळी सुटते, माणूस मरतो आणि मुलाला जन्मठेप होते. मौजमजेच्या अल्बमच्या मधोमध ही कथा बसलेली आहे आणि ती कुठेही सजवलेली नाही. दुसऱ्या अल्बममध्ये जे झाड दिसते त्याचे बी इथे आहे. तिथे मग रोजच्या रगाड्यात पिळून निघण्याला नकार आहे, व्यसनात वाहून गेलेल्या माणसाबद्दलची हळहळ आहे, श्रद्धेविषयीची अस्वस्थता आहे. मुखपृष्ठावर बँडचा फोटोदेखील नाही. गर्दीने भरलेले एक भित्तिचित्र आहे, आणि ते बाखचे वडील, कॅनडातील चित्रकार डेव्हिड बीअर्क यांनी रंगवलेले आहे. ज्या प्रकारात गायकाचा चेहरा हेच निम्मे भांडवल असे, त्या प्रकारातल्या बँडने दुसऱ्याच अल्बमवर तो चेहरा झाकून ठेवला, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाला. याला एक तांत्रिक कारणही आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत ही यादी दुकानदारांनी कळवलेल्या अंदाजांवर बनत असे. २५ मे १९९१च्या अंकापासून ती साउंडस्कॅन या पद्धतीने, म्हणजे गल्ल्यावर बारकोड वाचून झालेल्या प्रत्यक्ष विक्रीच्या मोजणीवर बनू लागली. मोजणी खरी होताच जड संगीताला किती मोठा श्रोता आहे हे उघड झाले, आणि स्किड रो हा त्या नव्या पद्धतीत पहिल्याच आठवड्यात अग्रस्थानी आलेला पहिला मेटल बँड ठरला. पुढे त्याच्या २० लाखांवर प्रती गेल्या, म्हणजे पहिल्या अल्बमच्या निम्म्याहूनही कमी, आणि एकेकट्या गाण्यांना पहिल्यासारखी मजल मारता आली नाही. बदलाची किंमत ती होती, आणि ती त्यांनी मोजली.

बाजाराच्या दबावाने बदललेले बँडही होतेच. ‘चेरी पाय’ या अल्बमसाठी ओळखल्या जाणाऱ्या ‘वॉरंट’चा ‘डॉग ईट डॉग’ ऑगस्ट १९९२ मध्ये आला तेव्हा वारे फिरलेले होते. त्यांचा गायक जॅनी लेन सांगत असे, की कंपनीच्या कार्यालयात पूर्वी जिथे ‘चेरी पाय’चे भले मोठे चित्र लावलेले असे तिथे एके दिवशी त्याला निर्वाणाच्याच लाटेतल्या ‘ॲलिस इन चेन्स’ या बँडचे चित्र दिसले आणि तो काय ते समजला. तो अल्बम चांगला आहे आणि आवर्जून ऐकावा. पण तो कोणत्या महिन्यात आला हे त्याच्या गाण्यांवर लिहिलेले दिसते.

प्रश्न : मी तीस वर्षे हार्मोनियम आणि कंठसंगीत शिकवते. माझा भाचा मला या बँडची गाणी ऐकवतो आणि म्हणतो, “मावशी, हे आधीचे हलके आणि हे नंतरचे गंभीर.” मला दोन्हींत गोंगाटच ऐकू येतो. हा फरक कानाने ओळखण्याची काही रीत आहे काय?
— एक संगीतशिक्षिका, महाल, नागपूर

उत्तर : आपल्या पत्राने मला विशेष आनंद झाला, कारण हा फरक ओळखायला लागणारी सगळी सामग्री आपल्याजवळ आधीच आहे, फक्त ती कुठे लावायची एवढेच सांगायचे आहे.

आपण तानपुरा लावता तेव्हा पंचम आणि षड्ज जुळवता. गंधार लावत नाही, तो जवारीतून आपोआप उमटतो. इलेक्ट्रिक गिटारवर या संगीतात जो मूळ ठोकळा वाजतो, ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात, त्यातही फक्त षड्ज आणि पंचम असतात. कारण साधे आहे. ॲम्प्लिफायरमध्ये आवाज मुद्दाम फाडला, म्हणजे डिस्टॉर्शन दिले, की प्रत्येक स्वराचे उपस्वर प्रचंड वाढतात. सा-प ही जोडी त्यात भक्कम राहते, पण गंधार मिसळला तर गढूळपणा येतो. त्यामुळे या ठोकळ्याला स्वतःची प्रकृती नसते. ती येते त्याच्यावर गायल्या जाणाऱ्या सुरावटीतून आणि एका ठोकळ्यावरून दुसऱ्यावर जाताना घेतलेल्या अंतरातून. ग्लॅम मेटलचे ठरलेले गाणे शुद्ध गंधाराच्या उजेडात चालते. मध्यम, पंचम अशा जवळच्या, सुखद जागांवर ते फिरते आणि घरी परतते. गंभीर वळणाच्या गाण्यात कोमल गंधार आणि कोमल निषाद ठाण मांडतात, आणि अधिक जड संगीतात षड्जाला खेटून कोमल रिषभ किंवा पंचमाआधी अडणारा तीव्र मध्यम येतो. आपल्या कानाला हे पहिल्या मिनिटात कळेल.

दुसरी गोष्ट रिफची. रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट. तबल्याच्या एकलवादनाला आपण हार्मोनियमवर लेहरा धरता. तो आवर्तनामागून आवर्तन तसाच फिरत राहतो आणि त्याच्या आधारावर तबलजी हवे ते मांडतो. ग्लॅम मेटलच्या गाण्यात रिफ हा प्रवेशद्वारावरच्या तोरणासारखा असे, गाण्याचे खरे वजन ध्रुवपदावर. ‘स्लेव्ह टू द ग्राइंड’च्या शीर्षकगीतात हे उलटे झालेले दिसते. तिथे लेहराच गाणे आहे. गायक त्याच्यावर स्वार होतो, आणि ध्रुवपद आले तरी रिफ जागा सोडत नाही.

तिसरी गोष्ट पट्टीची. गिटारची सर्वांत जाड तार नेहमी ‘ई’ या स्वरात, म्हणजे आपल्या पांढरी तीनला, सेकंदाला सुमारे ८२.४ कंपनांवर लावलेली असते. १९९०च्या आसपास पुष्कळ जड बँडनी ती एक पूर्ण स्वर उतरवून पांढरी दोनला, सुमारे ७३.४ कंपनांवर आणायला सुरुवात केली. काहींनी आणखी खाली. तार सैल झाली की ती बोटाखाली जास्त डुलते, गिटारच्या मानेवरील धातूच्या पडद्यांना किंचित घासते आणि तिला खर्जातली एक खरखर येते. भाच्याला गिटार आणायला सांगावे आणि आपल्यासमोर ती जाड तार हळूहळू उतरवायला सांगावी. खुंटी फिरत असताना स्वर खाली सरकतो, आणि एका क्षणी असे वाटते की वाद्य आता खोलीतल्या जमिनीवरून बोलते आहे. भाचा ‘हेवी’ म्हणतो ते हेच.

चौथी गोष्ट घुमाऱ्याची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण अनेक जाणकार श्रोतेही ती सोडून देतात. १९८०च्या दशकातील ध्वनिमुद्रणांत ड्रमच्या ठोक्यावर मोठ्या सभागृहाचा घुमारा चढवत आणि तो विरण्याआधीच यंत्राने कापून टाकत. त्याला गेटेड रिव्हर्ब म्हणतात. ठोका त्यामुळे फटाक्यासारखा फुटतो. गायकाच्या आवाजाच्याही अनेक प्रती एकावर एक मुद्रित करून ध्रुवपदाचा समूहघोष तयार करत. ऐकणाऱ्याला आपण हजारोंच्या मेळ्यात उभे आहोत असे वाटावे, हा त्यामागचा हेतू. गंभीर वळणाच्या ध्वनिमुद्रणांत हा घुमारा काढून घेतलेला असतो. ड्रम जवळून, खोलीतल्या खोलीत ऐकू येतो. आवाज एकटा पडतो, आणि एकट्या आवाजाला लपायला जागा राहत नाही.

याचा अनुभव मला १९९२च्या मे महिन्यात सीताबर्डीवरील एका मित्राच्या घरी आला. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी कूलर बंद करणे हा घरात गुन्हाच मानला जातो. खसच्या ताट्यांवरून पाणी ठिबकत होते, पंख्याची घरघर होती, आणि त्या आवाजात स्किड रोच्या पहिल्या अल्बमची नक्कल केलेली कॅसेट आम्ही मजेत ऐकली. घुमारा एवढा होता की कूलरने काही बिघडले नाही. मग दुसरा अल्बम लावला. ‘क्विकसँड जीझस’ सुरू झाले, आणि त्यातले शांत कडवे कूलरमध्ये बुडून गेले. मित्राने काही न बोलता उठून कूलर बंद केला. घामाच्या धारा लागल्या होत्या, आम्ही चौघे तसेच बसून राहिलो आणि गाणे संपल्यावर त्याने फीत मागे फिरवली. त्याच्या टेपची गती थोडी जास्त होती, म्हणून ती गाणी कितीतरी दिवस माझ्या हार्मोनियमवर एका श्रुतीने चढीच लागत, आणि मूळ पट्टी मला पुष्कळ उशिरा कळली. पण शांत जागेसाठी घर शांत करावे लागते, हे त्या दुपारीच कळले होते.

आपण तीन गाणी या क्रमाने ऐकावीत : पहिल्या अल्बममधले ‘आय रिमेंबर यू’, मग ‘क्विकसँड जीझस’, मग त्याच दुसऱ्या अल्बमचा शेवट करणारे ‘वेस्टेड टाइम’. तिन्ही संथ आहेत, तिन्हींत तोच गायक आहे. पहिल्यात तो तार षड्जाच्या वर जातो तेव्हा ती हरकत आहे, आणि ती सुंदर आहे. तिसऱ्यात तो वर जातो तेव्हा हरकत उरलेली नसते. ज्याला हाक मारायची तो माणूस ऐकण्यापलीकडे गेला आहे, म्हणून आवाज चढतो. आपल्या विद्यार्थ्यांना आपण तान आणि आर्त पुकार यांतला फरक शिकवत असाल, तोच हा.

प्रश्न : साधे कपडे आणि उदास चेहरे म्हणजे गंभीर संगीत, असे समीकरण दिसते. हे बँड खरोखर बदलले की फक्त वेश बदलला?
— एक निवृत्त ग्रंथपाल, रामदासपेठ, नागपूर

उत्तर : वेशावरून निवाडा करू नये, याचे उत्तम उदाहरण ‘किस’ या बँडचे आहे. त्यांनी १९८३ मध्ये चेहऱ्यावरचा प्रसिद्ध रंग उतरवला, आणि त्यानंतर त्यांचे संगीत ग्लॅम मेटलकडे आणखी सरकले. रंग गेला, झगमगाट वाढला. याच्या उलट टेक्सासच्या ‘पँटेरा’ने १९८३ पासून चार ग्लॅम धाटणीचे अल्बम स्वतःच्या छोट्या कंपनीतर्फे काढले, १९८८ मध्ये आलेल्या चौथ्यासाठी फिल अँसेल्मो हा नवा गायक घेतला, आणि १९९०च्या ‘काउबॉइज फ्रॉम हेल’पासून त्यांचा आवाज असा बदलला की पुढे ते स्वतःच आधीच्या अल्बमचा उल्लेख टाळू लागले. कपडे त्यांचेही बदलले, पण ते गिटारच्या मागून बदलले. हेच पँटेरा १९९२ मध्ये स्किड रोच्या कार्यक्रमांत आधी वाजवत असत, यावरून स्किड रोचा कान कुठे होता तेही कळते.

उदासपणाचे म्हणाल तर आपल्याकडे रागाची प्रकृती चंचल की गंभीर असे म्हणतात, आणि दरबारीला कोणी रडका म्हणत नाही. त्याचे गांभीर्य मंद्र सप्तकातील मुक्कामात आणि कोमल गंधाराच्या आंदोलनात असते. ‘सिंडरेला’ या फिलाडेल्फिया परिसरातील बँडने असाच मार्ग धरला. १९८६ मध्ये पूर्ण ग्लॅम थाटात आलेले हे लोक १९८८च्या ‘लाँग कोल्ड विंटर’मध्ये ब्लूज या आफ्रिकी-अमेरिकी लोकसंगीताकडे वळले आणि १९९०च्या ‘हार्टब्रेक स्टेशन’मध्ये तर पुरती जुन्या अमेरिकी संगीताची वाट चालू लागले, त्यातील तंतुवाद्यांची रचना लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या जॉन पॉल जोन्सने केली होती. त्यांचे गांभीर्य अंधारातून आले नाही, मुळांकडे जाण्यातून आले. पुढे गायक टॉम कीफरच्या स्वरयंत्राचा एक पडदा निकामी झाला आणि पुढचा अल्बम यायला १९९४ उजाडले. तोवर ऐकणारे पांगले होते. हे मला या सगळ्या कथेतले सर्वांत मोठे नुकसान वाटते.

प्रश्न : आम्ही पाच जण महाविद्यालयांच्या गॅदरिंगमध्ये १९८०च्या दशकातली इंग्रजी गाणी वाजवतो आणि लोक नाचतात. आता आम्ही स्वतःची चार गाणी केली आहेत. ती जड आणि गंभीर आहेत. वाजवली की मैदान रिकामे होते. जुने सोडावे की नवे?
— एका हौशी बँडचा गिटारवादक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : रिकामे होणारे मैदान मंचावरून कसे दिसते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच ठाऊक. गाणी वाईट आहेत असा निष्कर्ष त्यावरून इतक्यात काढू नका.

लॉस एंजेलिसच्या ‘मॉटली क्रू’ या ग्लॅम मेटल बँडचे उदाहरण तुमच्या कामाचे आहे. १९८९ मधील त्यांचा ‘डॉक्टर फीलगुड’ पहिल्या क्रमांकावर गेला होता. फेब्रुवारी १९९२ मध्ये गायक विन्स नील बाहेर पडला, जॉन कोराबी आला, आणि मार्च १९९४ मध्ये बँडच्याच नावाचा एक अल्बम निघाला. निर्माता पूर्वीचाच, बॉब रॉक. अल्बम विलक्षण जड आणि विचारपूर्वक केलेला आहे. माझ्या मते वादनाच्या दृष्टीने त्यांचे ते सर्वोत्तम काम आहे. यादीत तो सातव्या क्रमांकापर्यंत गेला, पण विक्री लवकरच ओसरली, दौऱ्यातली सभागृहे लहान होत गेली आणि १९९७ मध्ये विन्स नील परत आला. लोक त्या नावाकडून ज्या आवाजाची अपेक्षा धरून आले होते तो आवाज आत नव्हता. वेगळ्या नावाने तोच अल्बम आला असता तर त्याला त्याचे श्रोते भेटले असते, असे मला नेहमी वाटते.

याची दुसरी बाजू आपल्याच राज्यात घडलेली आहे. मुंबईचा ‘रॉक मशीन’ हा बँड १९८४ पासून अगदी तुम्ही वाजवता त्या धाटणीचे रॉक वाजवत असे. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक महेश तिनईकर यांच्या या बँडने १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ असे नवे नाव घेतले आणि भारतीय वाद्यांना जागा देणारे, अधिक विचारपूर्वक केलेले संगीत त्या नावाने मांडले. नाव बदलल्यामुळे ऐकायला येणाऱ्याला आधीच कळत होते की आज दुसरे काही ऐकायला मिळणार आहे. तुमच्या बाबतीत नाव बदलणे हा मोठा निर्णय असेल, तर निदान कार्यक्रम तरी वेगळे करा. गॅदरिंगचे मैदान नाचायला आलेल्यांचे आहे. त्यांच्यावर रागावण्याचे कारण नाही. स्वतःच्या गाण्यांसाठी साठ-सत्तर खुर्च्यांची एखादी खोली घ्या, ओळखीच्यांना बसून ऐकायला बोलवा, आणि चारच गाणी वाजवा.

गॅदरिंगमध्ये नवे गाणे घ्यायचेच असेल तर एकच घ्या, आणि तिसरे घ्या. पहिल्या दोन गाण्यांनी लोक तुमचे झालेले असतात, आणि चौथे पुन्हा ओळखीचे आहे हे तुम्हाला ठाऊक असते, म्हणून हात कापत नाही. चारांपैकी ज्याचा रिफ सर्वांत लहान आणि लेहऱ्यासारखा धरून ठेवणारा आहे ते निवडा. शब्दांनी भरलेले, मध्ये तीनदा लय बदलणारे गाणे खोलीसाठी ठेवा.

पत्रात तुम्ही लिहिले आहे की नव्या गाण्यांसाठी तार एक स्वर उतरवता आणि ती मंचावर बेसूर होते. त्याचे कारण बहुधा असे, की नेहमीच्या जाडीच्या तारा सैल ताणावर स्थिर राहत नाहीत. खालच्या पट्टीसाठी एक क्रमांक जाड तारांचा संच लावा आणि त्या गाण्यांसाठी दुसरी गिटार वेगळी ठेवा. एकाच गिटारीची पट्टी लोकांसमोर फिरवत बसलात तर तेवढ्या मिनिटात मैदान निम्मे होते. शिवाय आपल्याकडे गॅदरिंगच्या दिवसांत थंडीची रात्र आणि दिव्यांची उष्णता यांत मोठा फरक असतो. थंड हवेत जुळवलेली तार दिव्यांखाली तापली की प्रसरण पावते आणि उतरते. दोन्ही गिटारी निदान वीस मिनिटे आधी मंचावर, दिव्यांच्या उजेडात नेऊन ठेवा आणि जुळवणी तिथेच, अगदी सुरुवात करण्याआधी करा.